भूयोजित म्हणजे भुईला टेकलेला

शहागडला हायवेच्या कडेला मोटारपंप, स्टार्टर आणि वायरीचं एक दुकान आहे. तिथल्या चाचांचं आधी सांगते. एकदा बाकीच्यांबद्दल लिहायला बसले की तोंड कडू होतं, आणि मग चांगलं माणूस मागंच राहून जातं. चाचा ना माझ्या गावचे, ना जातीचे, ना धर्माचे. माझी लेक आज कशालाही धरून उभी राहते आणि मी तिच्या मागं धावत नाही, ते त्यांच्यामुळं.

माझा नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. आम्ही कोकणातले. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि रोलर जाईल तिकडं मी. घनसावंगीच्या बाजूला काम निघालं तेव्हा ठेकेदारानं आम्हाला राहायला चाकांवरच्या पत्र्याच्या केबिनी दिल्या. रस्ता पुढं सरकला की ट्रॅक्टर जोडायचा आणि घर ओढत न्यायचं. आमच्या केबिनीत आधी कोण राहिलं होतं देव जाणे. कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, मोरीत कुणाच्या तरी केसांचा गुंता, गादीला तेलकट घामाचा वास. सोडा टाकून घासलं, पुन्हा घासलं, तरी तो वास भिंतीत मुरलेलाच राहिला. भाकरी तोंडात घालताना तो मध्येच यायचा आणि घास घशाखाली उतरायचा नाही.

तेही सोसलं असतं. पण केबिनीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. कोरड्या पायांनी कमी, अंघोळ करून ओल्या पायांनी शिडीला हात लावला तर कोपरापर्यंत. मी घाबरून शेजारणीला सांगितलं, तर ती हसली.

"नवं नवं तसंच वाटतं वहिनी. पत्रा जिता हे आपला. चप्पल घालायची, मंग काई न्हाई."

तिचा नवरा नव्या आलेल्या मजुरांना मुद्दाम म्हणायचा, "जरा ती शिडी धर रे." माणूस हात झटकून ओरडला की सगळे पोट धरून हसायचे. एकदा एका म्हाताऱ्या मजुराच्या हातातला चहा अंगावर सांडला, तेव्हाही हसले. मला त्या हसण्याची किळस यायची, अजून येते.

लेक तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. सांगा, पत्र्याच्या केबिनीत धरायला काय असतं? शिडी लोखंडाची, दार लोखंडाचं, खाटेचा पायही लोखंडाचा. मी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून सगळ्याला गुंडाळल्या. ती दातांनी पट्ट्या सोडवायची. दिवसभर मी तिच्या मागं हात पसरून फिरायचे. ती पाण्यात खेळून आली की आधी पाय पुसायचे, मग तिला खाली सोडायचे. तेवढ्यातही ती निसटायची.

प्रत्येक केबिनीच्या दाराला आतून एक छापील कागद चिकटवलेला होता. विजेबद्दलचे नियम. कुणीच वाचत नव्हतं. मी वाचायला घेतला, कारण दुसरं वाचायला काही नव्हतं आणि भीती तर होतीच. भाषा सरकारी. केबिनीला त्यात 'चलनिवास' म्हटलेलं. एक ओळ होती, 'चलनिवासाचा संपूर्ण धातुसांगाडा भूयोजित असावा.' दुसरी होती, 'पुरवठा खंडित करणारे साधन सहज हाताशी असावे.' खंडित म्हणजे तोडलेलं, एवढं समजलं. भूयोजित मात्र माझ्या सातवीला झेपेना.

सुपरवायझर अंबडकडचा. त्याला विचारायला गेले. त्यानं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

"भू म्हंजे भुई. योजित म्हंजे टेकवलेला. तुमच्या केबिनीखाली इटा लावून लोखंडी पाय टेकवलेत का न्हाई? झालं मंग. भूयोजित."

"आणि ते बंद करायचं बटण हाताशी पाहिजे म्हणतात. ते तर तुमच्या ऑफिसात कुलपात आहे."

त्यानं कमरेची किल्ली वाजवून दाखवली. "माझ्या हाताशीच हे की! कोणाच्या हाताशी ते कुठं लिवलंय?"

शेजारचे दोघं हसले. त्याला आणखी चेव आला. "आन् खरं सांगू का वहिनी, हे नियम आपल्याला लागतच न्हाईत. घर म्हणावं तर खाली चाकं. गाडी म्हणावी तर इंजिन न्हाई. घराचा कायदा घराला, गाडीचा गाडीला. हे दोन्ही न्हाई. उगं डोकं लावून राह्यल्या तुमी."

केबिनीच्या वासाची आली नव्हती तेवढी किळस मला त्या बोलण्याची आली.

नवऱ्याला भांडायला लावायची माझी हिंमत नव्हती. काम गेलं तर गाव लांब. मी दारावरचा कागद अलगद सोडवला, लेकीला कडेवर घेतलं आणि जीपमध्ये बसून शहागडला गेले. वायरीचं दुकान दिसलं तिथं थांबले. दुकानात पांढऱ्या दाढीचे एक जण मोटारीचं झाकण उघडून बसले होते. तेच चाचा.

मी कागद पुढं केला. "चाचा, भूयोजितचा अर्थ काय?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ओळ वाचली. "अर्थ."

"हो, अर्थच विचारतेय."

"तेच सांगून राह्यलो बेटी. अर्थ."

"अहो पण काय अर्थ?"

चाचा आधी माझ्याकडं बघत राहिले आणि मग खो खो हसायला लागले. "अगं, अर्थ म्हंजे मतलब न्हाई. अर्थिंग! पत्र्यापासून वायर काढून जमिनीत खोल गाडायची. शब्दच असा केलाय की वाचणाऱ्याला मतलब लागू नये."

कित्येक दिवसांनी मी हसले. मग विटांचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, आणि त्यांचं हसू थांबलं. ते लेकीच्या पायांकडं बघत होते. ती अनवाणी होती.

"केबिनीत वायर किती येतात? दोन का तीन?"

"दोन."

"तिसरी अर्थची, तीच न्हाई. बिलकुल न्हाई चालायचं," म्हणाले, आणि शटर ओढायला उठले.

मोटारसायकलवर पाइप, तिपदरी वायर, मिठाची पिशवी आणि कोळशाचं पोतं बांधून ते माझ्या मागोमाग कॅम्पवर आले. टेस्टर शिडीला टेकवला. भर उन्हात त्यातला दिवा लाल दिसला. सुपरवायझर धावत आला. परवानगी कुणाची, तुम्ही कोण, मालकाला काय सांगू, सुरूच. लाइन बंद करायला ऑफिसची किल्ली मागितली, तर द्यायला तयार नाही. जेवणाची सुट्टी होती, सगळे जमले.

चाचांनी आवाज चढवला नाही. "बराबर हे. तू जबाबदार माणूस. इटांवर टेकलंय म्हंतोस, नियमात बसतंय म्हंतोस. मंग बूट काढ. इथं उभा राहा, मी पायावर तांब्याभर पाणी टाकतो, आन् तू शिडी धर. पोरगी धरती तशी."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. सुपरवायझरही हसला, पण बूट काढले नाहीत. "काहीबी काय चाचा," म्हणाला. इकडं तिकडं बघितलं. चाचा तांब्या घेऊन तसेच उभे. शेवटी त्यानं कमरेची किल्ली काढून जमिनीवर फेकली.

तोवर मला वाटत होतं, तो शब्द त्याला माझ्यासारखाच कळला नसेल. पण त्याला सगळं कळत होतं. आपला पाय ओला करायची वेळ आली तेव्हा भूयोजितचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागला नाही. एवढ्या जवळून इतका घाणेरडा माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो रोज माझ्या लेकीच्या गालाला हात लावून "काय म्हंती चिमणी" म्हणायचा.

नवऱ्यानं खड्डा खणला. काळी माती वर भेगाळलेली, आत दगडासारखी. पाइप उभा करून भोवती कोळसा, मीठ, परत कोळसा, ओल टिकायला वरून पाणी, आणि पाइपापासून वायर केबिनीच्या पत्र्याला. गळती झाली की आपोआप पडणारं बटण चाचांनी दाराजवळ बसवलं. लाइन सोडली की ते खट् करून पडायचं. परत सोडली, परत खट्.

"पंखा बंद, कूलर बंद! कशाला आणलं हो याला?" शेजारीण ओरडली. तिच्या केबिनीची लाइन आमच्यावरूनच पुढं गेली होती. तिलाही पोर आहे. तरी तिला पंख्याचं पडलं होतं.

चाचा म्हणाले, "पडू दे. ते पडून राह्यलंय म्हणून आपण उभे." मग त्यांनी वायर जिथून आत येते ते भोक शोधलं. कापलेल्या पत्र्याची धार वायरीत रुतून तांबं उघडं पडलेलं. त्यांनी तिपदरी वायर घातली, भोकाला रबर बसवलं. बटण टिकलं. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. आधी त्यांनी स्वतः चप्पल काढून, पाय ओले करून शिडी धरली, मग मला म्हणाले, "सोड पोरीला."

माझे हात सुटेनात. तिनंच अंग झोकून शिडी पकडली आणि दोन्ही हातांनी ती बडवायला लागली.

सामानाच्या पैशांचं नाव चाचांनी काढू दिलं नाही. सुपरवायझरनं पुढं मोठ्या साहेबाला तो खड्डा 'आपण करून घेतला' म्हणून दाखवला. बाकीच्या केबिनींना त्यानं विटाच ठेवल्या. आणि केबिन हलली की पाइप मागंच राहतो. घर चाकांवर जातं, अर्थ जात नाही. दर मुक्कामी नवरा नवा खड्डा खणतो. जिथं कॅम्प पडेल तिथं मी शेजारच्या बायकांना आधी तेवढं सांगते. निम्म्या ऐकतात, निम्म्या पायातली चप्पल दाखवतात.

चाचा, हे तुमच्यापर्यंत पोचेल का ठाऊक नाही. गावाकडं आमची भिंत उभी राहील तेव्हा घरातली वायर न् वायर तुमच्या दुकानातून नेईन, आणि तुम्हाला कोकणात आणून माझ्या हातचं जेवायला वाढीन. तेवढ्यानं फिटणार नाही, माहीत आहे. पण मी फेडीन.