आबांचा स्वच्छ रिपोर्ट

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा, म्हणजे माझे वडील, चोपड्याहून माझ्याकडे जळगावला आले होते. आधीच्या तपासण्यांत लघवीत रक्ताच्या पेशी निघाल्या, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या. डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही म्हणून सोडू नका. वय आहे, बिड्या ओढतात. रक्त कुठून येतंय ते शोधायला हवं. मूत्रविकारांच्या डॉक्टरांना दाखवा."

आबा मोरीतून बाहेर येऊन म्हणाले, "पानीसारखं साफ शे. रगत कोठे शे?"

मी बी.ए., तेही भूगोल घेऊन. पण आमच्या घराण्याची डॉक्टर मीच. "उन्हाळी लागलीय," मी सांगून टाकलं. मे महिना, दिवसभर केळीच्या बागेत उभा राहणारा माणूस. दुसरं काय असणार? आठ दिवस धण्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. मग मीच लघवीची फेरतपासणी ठरवली; त्या सकाळी तर तांब्यावर तांब्या पाजला, पोराला पेपरला धाडावं तसं.

"बस कर व माय," आबा म्हणाले, "पोटात विहीर झायी."

रिपोर्ट स्वच्छ आला. मी त्याचा फोटो भावाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'पास'. इतक्या पाण्याने लघवी पातळ होते, पेशी विरून जातात, आणि असलं रक्त मुळात अधूनमधूनच येतं, हे मला कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

चार महिन्यांनी मोरीत लाल दिसलं. मग मात्र धावलो. कॅमेऱ्याची नळी आत घालून तपासलं. मूत्राशयात गाठ होती, स्नायूपर्यंत गेलेली.

मूत्रविकारांच्या डॉक्टरांनी जुना कागद समोर धरला. "यात रक्त मे महिन्यातच दिसलंय. मग इतके दिवस का थांबलात?"

आबा खुर्चीत सरसावून बसले आणि जमेल तितक्या शुद्ध भाषेत म्हणाले, "पोरगी रोज मागे लागत होती, साहेब. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि फाईलमध्ये लिहिलं, 'रुग्णाने तपासणी टाळली.' मी शेजारीच बसले होते. काही बोलले नाही.

आबांना जाऊन वर्ष झालं. ती फाईल माझ्या कपाटात आहे. भाऊ अजून म्हणतो, "आबा हट्टी होते, अक्का. तू तरी काय करणार?" आणि मी म्हणते, "हो ना."