बॉर्डरवरचा फोन

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या मोबाईल कंपनीत एक मराठी मुलगा नेटवर्क तपासायचा. कंपनीचं नेटवर्क ऑस्ट्रियात पसरलं, मग चेकियात, मग पोलंडमध्ये. सीमा ओलांडताना फोन तुटतो का हे पाहायला तो रेल्वेने जायचा आणि तिथून मला ऑफिसात फोन करायचा.

"ताई, बॉर्डर आली. थांबू नका, बोलत राहा."

इतकं बोलणार काय? मी कँटीनचा मेनू वाचून दाखवायची. प्रत्येक पदार्थाला तो "गेनाऊ", म्हणजे जर्मनमधलं "अगदी बरोबर", म्हणायचा आणि बटाट्याचं सूप आलं की न चुकता "अरेरे". दोन फोन, एक वही, डब्यात पोळीचा लाडू. याउपर त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं, की त्याचा व्हिसा या नोकरीवर होता. मी पर्सनल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका बघणाऱ्या विभागात आहे, म्हणून माहीत.

पोलंडमध्ये नवं ऑफिस झालं आणि तपासणीचं काम तिकडे गेलं. कुणाला काढणार याची कुजबुज होतीच. त्याला कामावरून काढल्याचं पत्र माझ्या टेबलावर सहीला आलं, त्याच सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, बॉर्डर. बोला."

हाताला लागला तो कागद मी वाचू लागले. "मसुराचं सूप, भात, कोबी..."

"ताई, हा कालचा मेनू. आज शुक्रवार, आज मासे असतात." मागे गाडीचा खडखडाट होता. "माझं पत्र निघालं का?"

"हो."

तो म्हणाला, "आवाज स्वच्छ आला, ताई. कुठेच तुटला नाही."

आणि वहीत वेळ लिहिली असणार. तेवढं मी त्याला ओळखते.