शेवटच्या थांब्यावरचं ग्रीक जेवण

मी बस चालवतो. माझ्या मार्गाचा शेवटचा थांबा शहराच्या पार टोकाला आहे. त्याच्यापुढे रस्ता आहे, पण बस नाही. पूर्वी त्या थांब्यापर्यंत माझ्यासोबत दोन-तीन झोपलेली माणसं आणि कुणाची तरी विसरलेली पिशवी एवढंच यायचं. आता रविवारी दुपारी बस भरून जाते. नवखा माणूस चढताना विचारतो, "ते ग्रीक जेवण मिळतं, ते याच बाजूला ना?" मी म्हणतो, "बसा निवांत. शेवटी उतरा आणि वासामागे चालत जा." जेवण करणारी माझी सख्खी काकू आहे, हे मी तेव्हा सांगत नाही. जेवून परतीच्या बसला येतात तेव्हा सांगतो. तेव्हा जास्त मजा येते.

शहराच्या मध्यभागीही ग्रीक जेवणाची दोन-तीन हॉटेलं आहेत म्हणे. पांढऱ्या भिंती, निळ्या खुर्च्या आणि एवढ्या मोठ्या ताटात तीन ऑलिव्ह. असोत बापडी. आमची काकू पंक्चरवाला आणि लॉण्ड्री यांच्या मधल्या गाळ्यात बसते. चार टेबलं आहेत. चारही टेबलांचे पाय जुन्या शिलाई मशीनचे आहेत, कारण काकाने जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केली आणि फेकून काही दिलं नाही. गिऱ्हाईक जेवता जेवता नकळत मशीनचा पायटा पायाने हलवत राहतं. काका म्हणतो, त्याने पचन चांगलं होतं. दारावरचा बोर्डही त्याचाच, कपाटाच्या जुन्या दाराचा. निळ्या अक्षरांत 'ग्रीक जेवण'. शेवटचा 'ण' जागा संपल्यामुळे अंग चोरून उभा आहे.

काकू मूळची स्वयंपाकाच्या धंद्यातली नव्हे. तिचं काम आजारी माणसं सांभाळण्याचं. अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, कूस बदलायची. अशीच ती एका ग्रीक म्हातारीकडे लागली. नवऱ्याच्या कामामुळे तरुणपणी इकडे आलेली, नवरा गेल्यावरही इथेच राहिलेली बाई. काकू तिला आजी म्हणायची. आजीचं हृदय कमजोर होतं आणि पाय सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ बंद, चिमूटभरसुद्धा चालणार नाही. काकूने त्याच दिवशी मिठाची बरणी कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. डॉक्टर तिला 'हवालदार' म्हणायचे. तिला ते आवडायचं.

आजीला उभं राहता येत नव्हतं, पण खाण्याची भारी हौस. काकूने तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली आणि मग सात वर्षं शिकवणी चालली. आजी काठीने दाखवायची. अर्धं आपल्या भाषेत, अर्धं तिच्या, उरलेलं हातांनी. टोमॅटो पोखरून त्यात तांदूळ आणि पुदिना कसा भरायचा, अंडं आणि लिंबू घोटून गरम सुपात न फाटता कसं सोडायचं, वांग्याचे थर किती जाड. चुकलं की काठी भांड्यावर आपटायची. काकू सगळं वहीत लिहून ठेवायची. वही खरं तर डॉक्टरांसाठी होती. जे जे होईल ते त्या त्या वेळेला लिहायचं, अशी त्यांची ताकीद. त्यामुळे एकाच पानावर गोळ्यांची वेळ, पायाची सूज आणि वांगी तळायची रीत, सगळं एकामागून एक.

आजी गेली. परदेशात असलेली तिची लेक आली, तिने आईचा भाजायचा मोठा गोल ट्रे काकूला दिला आणि डोळे पुसत परत गेली. काकूने नवीन पेशंट घेतला नाही. म्हणाली, "आता दुसऱ्या कुणाचे पाय चेपायला हात वळत नाहीत." आणि चार महिन्यांनी तिने जाहीर केलं की ती ग्रीक जेवणाचं दुकान काढणार.

वस्तीत सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? काकाने ऐकलं की या जेवणात फेटा लागतो, तर म्हणाला, "अगं, फेटा डोक्याला बांधतात, ताटात नाही वाढत." पण ओव्हन त्यानेच शोधून आणला आणि दुरुस्तही केला.

पहिल्या दिवशी आम्ही घरचे जेवायला बसलो. वास असा की पोटात कावळे ओरडायला लागले. पहिला घास घेतला आणि मी म्हणालो, "काकू, मीठ राहिलं."

"राहिलं नाही. ते लोक असंच खातात. तुला हवं तर वरून घे."

झालं. आमच्यापैकी ग्रीस पाहिलेलं कोण होतं? आम्ही मान डोलावली. खारट फेटा चीजसुद्धा काकू तीन पाण्यांत भिजवून अळणी करायची, कारण आजीकडे तसंच करायची. प्रत्येक टेबलावर मिठाची डबी असायची आणि ती पाण्याच्या तांब्यापेक्षा जास्त फिरायची. तरी माणसं येत राहिली, कारण बाकी सगळं असं होतं की बोटं चाटावीत. दोन वर्षांत काकूचं नाव झालं.

मग एक दिवस एक रिटायर्ड इंजिनियर आले. जन्म जहाजांवर गेलेला, ग्रीसच्या बंदरांत महिने महिने राहिलेला माणूस. त्यांनी सगळं मागवलं, सगळं संपवलं, आणि भरल्या दुकानात म्हणाले, "वहिनी, हात सोन्याचा आहे तुमचा. पण हे ग्रीक जेवण नाही. हे आजाऱ्याचं जेवण आहे. तिकडे असं अळणी कुणी रांधत नाही. वरून मीठ भुरभुरवून काय होतं? ते आत शिजायला लागतं."

काकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला शिकवणारी तिथेच जन्मली होती."

"तिला मीठ बंद असेल."

"तिला होतं. तिच्या आईला होतं का? कृती तिच्या आईच्या आहेत. मीठ असतं तर तिने सांगितलं असतं. माझ्या वहीत जे नाही ते मी घालणार नाही." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, ती सगळ्यांसमोर बोलून बसली, "आजीची लेक पुढच्या महिन्यात आईचं घर आवरायला येतेय. तिला जेवायला बोलावते. हे तिच्या आईचं जेवण नाही असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी बोर्ड उतरवीन आणि दुकान बंद करीन. खोटं जेवण मी विकणार नाही."

मी कपाळाला हात लावला. काकूला ओळखणारा कुणीही हेच करेल. तिने दिलेला शब्द कधी खाली पडलेला नाही. एकदा तापात फणफणत असताना ती आजीकडे गेली होती, कारण 'येते' म्हणाली होती. त्या महिन्यात काकाचं जेवण कमी झालं. मला म्हणाला, "हे दुकान गेलं ना, तर ती दोन दिवसांत म्हातारी होईल बघ." मी त्याला सुचवलं की आपण लेकीला आधीच गाठून सांगू. काका माझ्याकडे असा बघत राहिला की मी विषय बदलला.

आजीची लेक माझ्याच बसने आली. पन्नाशीची, साधी बाई. लहानपण इथेच गेलेलं, त्यामुळे बोलायची अगदी आपल्यासारखी. आई असताना ती वर्षातून एकदा यायची, पण तेवढे आठ दिवस काकूला सुट्टी असायची. म्हणजे काकूच्या हातचं तिने कधी खाल्लंच नव्हतं. माझी ती त्या दिवसाची शेवटची फेरी होती. बस लावली आणि मीही दुकानात जाऊन उभा राहिलो. इंजिनियरसाहेब कोपऱ्यात आधीच हजर. दर रविवारी नावं ठेवायचे आणि दर रविवारी जेवायचे.

काकूने तो गोल ट्रे तसाच टेबलावर आणून ठेवला. आत टोमॅटो, भात भरलेले, वरून करपत आलेले. लेकीने ट्रेच्या काठावरच्या पोच्यावरून बोट फिरवलं. "हा मी पाडला होता. सहा वर्षांची होते." मग तिने एक टोमॅटो कापला, खाल्ला. अजून एक घास घेतला. मग काटा खाली ठेवला.

"पुदिना बरोबर. तांदूळ बरोबर. खाली बटाटे लावलेत, तेही आईसारखेच," ती म्हणाली. तिला काकूने सगळं आधीच सांगितलं होतं, बोर्डाचंही. तिला खोटं बोलता येत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "पण ताई, आईचा मिठाचा हात सढळ होता. हे... हे आईचं नाही."

मशीनचे पायटे थांबले. काकूने "बरं" एवढंच म्हटलं, आतून स्टूल आणलं, पदर खोचला आणि बाहेर जाऊन बोर्डाचा एक खिळा उचकटलासुद्धा. काका धावला नाही. तो बायकोला चाळीस वर्षं ओळखतो. इंजिनियरसाहेब मात्र उठून उभे राहिले, "अहो वहिनी, मी आपलं सहज बोललो होतो हो!"

"तुम्ही खरं बोललात," काकू स्टुलावरून म्हणाली.

"थांबा," लेक म्हणाली. "आईने सांगितलं नाही, असं होणारच नाही. ती मीठ विसरणारी बाई नव्हे. वही कुठे आहे?"

वही मी आणली. अक्षर काकूचं, डॉक्टरी घाईचं, म्हणून मीच मोठ्याने वाचायला लागलो. "सकाळी दहा. सूज कमी. भरलेले टोमॅटो. टोप्या कापायच्या, फेकायच्या नाहीत. गर काढून ठेवायचा. आजीने मीठ मागितलं. दिलं नाही. कांदा तेलावर परतायचा. तांदूळ घालायचे. आजीने परत मीठ मागितलं. दिलं नाही. साडेदहाची गोळी."

"पुढचं पान," लेक म्हणाली.

"वांगी. चकत्या करायच्या. आजीने मीठ मागितलं, रडवेली झाली. दिलं नाही. अर्धा तास ठेवायच्या, पाणी सुटेल ते पुसायचं."

मी थांबलो. मिठाशिवाय वांग्याला पाणी सुटेल कसं? एवढं तर मलाही कळतं. दोन वर्षं काकू चकत्या अर्धा तास नुसत्या ठेवत होती आणि कोरड्या चकत्या इमानाने पुसत होती.

"तिने मागितलं कसं?" लेकीने विचारलं. "बोलून?"

काकू स्टुलावरच होती. तिने हात वर केला, तीन बोटं जुळवली आणि हवेत चोळली.

"ताई," लेक म्हणाली, "ती मागत नव्हती. सांगत होती."

काकू स्टुलावरून उतरली आणि त्याच स्टुलावर मटकन बसली. सत्तर माणसांची आजारपणं काढलेली बाई, कुणाच्या मरणाला मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती हमसून हमसून रडली. "सात वर्षं सांगत होती गं ती. आणि मी तिला लहान पोरासारखी दटावत होते."

"तुम्ही दटावलंत म्हणून ती सात वर्षं जगली," लेक म्हणाली. "डॉक्टरांनी मला दोनच सांगितली होती." मग तिने विचारलं, "पण चव घेताना तुम्हाला कळलं नाही?"

उत्तर काकाने दिलं. "तिला कसं कळणार? तीही तेच जेवायची. म्हातारी अळणी खाणार आणि ही समोर बसून खारट खाणार, हे तिला जमेना. पहिल्या दिवसापासून हिने मीठ सोडलं. घरी येऊनही नाही, डब्यालाही नाही. आता तिची जीभच तशी झालीय."

हे मलाही माहीत नव्हतं. घरचा माणूस असून माहीत नव्हतं. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आपण ऐकलेली असतात. ही बाई दुसऱ्याच्या न खाल्लेल्या मिठाला जागली होती, आणि आम्ही दोन वर्षं तिच्याच टेबलावर डबी आपटून तिला हसत होतो. माझी मान खाली गेली, आणि ऊर मात्र असा भरून आला की काय सांगू.

लेकीने काकूचे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. मग म्हणाली, "चला. वहीत आहे ते सगळं घालून परत करा. मी थांबते."

काकूने केलं. मी वाचत होतो, ती करत होती. मीठ किती हे तिला चाखून कळणार नव्हतं, म्हणून आजीची तीन बोटं जेवढी जुळायची तेवढीच तिने जुळवली. तासाभराने ट्रे बाहेर आला. लेकीने एक घास खाल्ला आणि ताट ओढून घेतलं. दुसरा टोमॅटो घेतला, तिसरा घेतला. इंजिनियरसाहेबांनी आपलं ताट गुपचूप पुढे केलं. काका उठला, हातोडी घेतली आणि बाहेर जाऊन उचकटलेला खिळा परत ठोकला. चार ठोके पुरले असते, त्याने दहा मारले.

त्याला आता तीन वर्षं झाली. मिठाच्या डब्या अजून टेबलांवर आहेत, पण भरायला लागत नाहीत. काकू स्वतः अजूनही अळणीच जेवते. तिला वही बघावी लागत नाही, सगळं पाठ आहे. तरी कांदा परतून तांदूळ घातले की ती क्षणभर थांबते, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते, तीन बोटांनी मीठ सोडते आणि म्हणते, "घ्या, आजी."