सख्ख्या भावाला न दिलेली नळी

‘मेंढ्या राखल्यात का कधी?’ पुण्यातल्या प्रयोगशाळेत नोकरीसाठी गेलो, तेव्हा मंगल मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नाही म्हणालो. ‘मग शिकावं लागेल,’ म्हणाल्या आणि चहा मागवला.

मॅडम मूळच्या बेल्ह्याच्या. त्यांचं काम रक्तवाहिन्या तयार करण्याचं. माणसाच्या पेशी एका विरघळणाऱ्या नळीवर वाढवायच्या आणि हृदयासारखे ठोके देणारा पंप लावून तिच्यातून पोषक द्रव खेळवत ठेवायचा. हळूहळू मूळ नळी विरघळते आणि पेशींनी विणलेली मऊ, पांढरट नळी उरते. मग पेशीही धुऊन काढायच्या, म्हणजे दुसऱ्याचं शरीर तिला परकी मानत नाही. ही नळी मेंढीच्या मानेत बसवायची आणि मेंढीच्या स्वतःच्या पेशी आत वस्तीला येतात का, ते बघायचं. ‘शिवून बसवली म्हणजे झालं नाही, नांदली पाहिजे,’ असं मॅडम म्हणत. मेंढीत नळी तुंबली की आम्ही ती वाढवणाऱ्या पंपाला दोष द्यायचो. मॅडम आधी मेंढीजवळ जाऊन बसत. ‘तिला दुखतंय का बघा. कारण मागाहून शोधू.’

त्यांचे थोरले भाऊ, आण्णा, यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. नारायणगावला डायलिसिस चाले. त्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा पुन्हापुन्हा बंद पडली आणि शेवटी मानेत प्लास्टिकची नळी घालावी लागली. तिच्यातून जंतू आत जाण्याची भीती कायमची. एका दुपारी आण्णा आणि वहिनी थेट प्रयोगशाळेत आले. काचेच्या भांड्यात ठोक्यागणिक हलणारी ती पांढरी नळी आण्णा बराच वेळ बघत राहिले.

‘मंगल, ही माझ्या हातात बसंल का?’

‘बसंल. पन टिकंल का, ते मला ठावं न्हाई.’

‘मेंढीला देती आन् मला नाय व्हय?’

‘आण्णा, लई मेंढ्यांच्या नळीत रगत गोठलं. काही मेल्या. कशानं, ते अजून कळलं न्हाई.’

‘मी सही देतो. मेलो तर तुझ्यावर बोल न्हाई.’

‘तुझ्या सहीनं नळी सुधरत न्हाई, आण्णा.’

‘हिला भावापरीस मेंढरं जवळची,’ असं म्हणत वहिनी उठल्या. ते दोघं गेल्यावर मॅडम हात धुऊन कामाला लागल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं. पुढे राखीपौर्णिमेला त्या बेल्ह्याला गेल्या. आण्णांनी राखी बांधून घेतली, पण बोलले नाहीत.

थंडीत संसर्ग रक्तात पसरला आणि आण्णा गेले. दहाव्याला मी बेल्ह्याला गेलो होतो. एक नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बहिणीकडं नळी व्हती म्हनं. दिली न्हाई.’

मॅडम म्हणाल्या, ‘व्हती. दिली न्हाई.’

परत आल्यावर त्या मेलेल्या मेंढ्यांच्या जपून ठेवलेल्या नळ्या काढून बसल्या. धुताना काही पेशी मागे राहत होत्या आणि त्यांच्यावर रक्त गोठत होतं. हे सापडायला फार काळ गेला. धुण्याची रीत बदलली, त्यानंतरच्या मेंढ्या मात्र चरत राहिल्या. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा वहिनींचाच निरोप आला, ‘वन्सं, पुण्यात एकट्या काय करता? घरी या.’ त्या गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, ‘माणसाला द्यायची वेळ येईल, तेव्हा मेलेल्या मेंढ्यांपासून सांगायला सुरुवात करा.’

पुढे माणसाला नळी बसवायच्या परवानग्या मिळाल्या. पहिली पेशंट कळंबची एक बाई होती. मी तिला मेंढ्यांपासून सगळं सांगितलं. तिने विचारलं, ‘तुमच्या घरच्या मान्साला घातली असती का ही?’ मी तिला आण्णांची गोष्ट सांगितली.

‘आन् आज त्यो भाऊ असता तर?’

याचं उत्तर मी देणं बरोबर नव्हतं. मी बेल्ह्याला फोन लावला, मॅडमना प्रश्न सांगितला आणि फोन बाईच्या हातात दिला. ती कान लावून ऐकत राहिली. मग फोन मला परत दिला.

‘आज दिली असती म्हणत्यात,’ ती म्हणाली. ‘लई रडत्यात वो त्या.’