कागद सपाट बसवताना

बाबांनी शाळेचा ग्रुप फोटो फाडला, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. आमच्याच फोटो स्टुडिओत छापलेला, हेडमास्तरांच्या खोलीत लावायचा मोठा फोटो होता तो. मधले हेडमास्तर बाबांना ठणठणीत दिसत होते, पण दोन्ही टोकांना उभे असलेले मास्तर ‘गेले’, असं त्यांचं म्हणणं.

"कडा विरून राहिल्या. कागद वाकतोय, दुसरं काय!"

हिंगोलीचा एप्रिल. त्या कोरड्या उन्हात गुंडाळीतून कापलेला मोठा कागद कोपरे वर करून बसायचा, हे खरं. फोटो मोठा करून छापायच्या एन्लार्जरखाली कोपरा उचलला की तिथलं चित्र मऊ पडतं, हेही खरं. पण फाडलेले तुकडे मी उजेडात जोडून पाहिले होते. टोकाच्या मास्तरांच्या खिशातल्या पेनाची क्लिपसुद्धा दिसत होती. पासपोर्ट फोटोबद्दल मात्र बाबांची कधीच तक्रार नसायची. एवढासा फोटो त्यांच्या नजरेत पुरा मावायचा, मोठ्याच्या कडा मावत नव्हत्या. हे मला कळत होतं आणि कळू नये म्हणून माझा आटापिटा चालला होता. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हे मी गावात कुणालाही तोंडावर ऐकवलं असतं, बाबांना नाही. त्यांच्या डोळ्यांवर आमचं सगळं घर उभं होतं. मला कागदच दोषी हवा होता.

"नांदेडला जाऊन डोळे दाखवू, बाबा," एकदा म्हणून पाहिलं.

"डोळ्यांना काय धाड भरली? तुझ्या डॉक्टरला कागद दाखव."

मग मीही हट्टाला पेटले. फोटोचा कागद विकायला येणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की मोठ्या छापखान्यांत हवेने कागद ओढून धरणारा पाट असतो. पोकळ पेटी, वरच्या फळीला भोकं. मशीन पेटीतली हवा ओढतं आणि कागद फळीला घट्ट चिकटतो. तसली वस्तू आम्हाला कोण आणून देणार? देव्हारे करणाऱ्या सुताराला मी प्लायवूडची पेटी करायला सांगितली. बोटाबोटावर बारीक भोकं पाडायची म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, त्यापरीस बाजारातून चाळणीच घ्या की." फळी मी काळी रंगवली. कम्प्युटर क्लासवाल्याच्या हातापाया पडून त्याचं धूळ ओढायचं मशीन मागून आणलं.

आधी झाडांना पाणी घालायची रबरी नळी जोडली. मशीन सुरू केलं तशी हवेच्या ओढीने नळीच चपटी झाली, कागदाचे कोपरे तसेच वर. मग विहिरीच्या मोटरीला लावतात तो कड्याकड्यांचा जाड पाइप आणला. कागद बसला, पण मशीन टेबलाखालीच ठेवलं होतं. त्याच्या थरथरीने सगळे मास्तर फोटोत दुहेरी आले. मी डार्करूमच्या लाल दिव्याखाली बसून हमसून हमसून रडले. बाहेरून बाबा विचारत होते, "काहून गं माय, काय झालं?" काय सांगणार होते मी त्यांना?

शेवटी मशीन मागच्या पडवीत नेलं, त्याचं बटण तेवढं आत टेबलापाशी बसवलं. पाइप भिंतीच्या झरोक्यातून आत घेतला, झरोका काळ्या कापडाने बुजवला, पेटीच्या फटी मेणाने भरल्या. बटण दाबलं. कोपरे हळूच खाली गेले आणि अख्खा कागद पाटीसारखा सपाट बसला. माझ्या जिवात जीव आला.

फोटो केला, धुतला, वाळवला. भिंगाखाली टोकाच्या मास्तरांच्या मिशीचे केस मोजता आले असते. दारातल्या उजेडात तो मी बाबांच्या हातात दिला. त्यांनी लांब धरला, जवळ धरला, मान वळवून वळवून पाहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कडा अजून गेलेल्याच हायेत," ते म्हणाले. "तुझ्या मशीनला जोर न्हाई."

"हाय, बाबा."

"न्हाई म्हणतो ना! चल, लाव बरं नवा कागद."

डार्करूममध्ये मी नवा कागद मांडला आणि बटण दाबलं. बाबांनी कागदाच्या मधोमध तळवा ठेवला आणि सावकाश कडेपर्यंत नेला. कोपऱ्याखाली नख घालून पाहिलं. नख जाईना. दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. चौथ्यापाशी त्यांचा हात थांबला.

"पक्का बसलाय की गं," ते हळूच म्हणाले.

"व्हय, बाबा."

"चारी कोपरे बराबर हायेत."

भिंतीपलीकडे मशीन घोंगावत होतं. बाबा कागदावर हात ठेवून तसेच उभे होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"बंद कर आता, माय."

बटण माझ्या हाताशीच होतं. मी दाबलं नाही. आवाज थांबला असता, तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.