डाव्या कानातली बय

आत्या आमच्या इंद्रलोकमधल्या फ्लॅटवर आली की आधी लिफ्टला नावं ठेवते, मग पाणी मागते आणि मग कामाचं बोलते. त्या रविवारी तिने लिफ्टबद्दल चकार शब्द काढला नाही. आल्या आल्या तिने साडीच्या दुकानाची पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली. पिशवीतून टॉवेल निघाला आणि टॉवेलच्या घडीतून माझ्या काकांच्या लग्नाची डीव्हीडी. कव्हरवर बदामाच्या आकारात काका-काकू आणि त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर. दोघं कधी माथेरानच्या पुढे गेलेले नाहीत.

"यातून बयचा आवाज काढून दे," आत्या मला म्हणाली.

बय म्हणजे आमच्या गावठाणातली धवलारीन. इमारती उठायच्या आधीपासून, मिठागरांवर कामं होती तेव्हापासून, भाईंदर पूर्वेच्या त्या चार गल्ल्यांमध्ये हळद लागायची ती तिच्या आवाजात. ती धवला म्हणायची, म्हणजे लग्नातलं गाणं. एक ओळ ती सांगणार आणि मागे बसलेल्या बायका तीच ओळ परत म्हणणार. मागच्या बायकांमध्ये माझी आत्या पहिली. बावीस वर्षं ती बयच्या मागे बसली. तीन वर्षांपूर्वी बय गेली आणि तेव्हापासून आमच्याकडच्या हळदींना फक्त डीजे वाजतो.

आता आत्याच्या स्वतःच्या मुलीची हळद एकोणीस दिवसांवर आली होती. "तुझ्या पोरीच्या हळदीला मी हाय," असं बय तिला नेहमी म्हणायची. बय नाही, तर आपणच म्हणायचं, असं आत्याने ठरवलं होतं. पण मागून म्हणणं वेगळं आणि पुढे होऊन सांगणं वेगळं. तिला सगळ्या ओळी येत होत्या, कुठल्या ओळीनंतर कुठली, ते येत नव्हतं.

"मणी हायत, दोरा न्हाय," ती म्हणाली.

ताईचा, म्हणजे नवरीचा, या सगळ्याला विरोध नव्हता, तिला भीती होती. आई मध्येच अडकली तर लोक मोबाइल काढून शूट करतील, मग ते वर्षभर ग्रुपवर फिरेल, असं तिचं म्हणणं. आत्या हे सांगताना हसली, पण टॉवेलची घडी तिने तीन वेळा घातली.

घरात मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असा समज आहे. खरं तर मी कमी बोलते आणि पाहुणे आले की लॅपटॉप उघडून बसते, एवढंच. पण समज मोडायलाही बोलावं लागतं, म्हणून मी हो म्हणाले.

माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नाही. मीरा रोडला ऑफिसच्या खाली कॉम्प्युटरची दोन-तीन दुकानं आहेत. मी दोन दिवस त्यातल्या एकासमोरून नुसतीच गेले. तिसऱ्या दिवशी दुकान रिकामं दिसलं तेव्हा आत शिरले. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे का, असं विचारल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागितला. "अब ये कौन लेता है?" असं म्हणत तो स्टुलावर चढला आणि माळ्यावरून एक धुळकट खोका काढून त्याने तो फुंकला. मी खोका बॅगेत घातला आणि घरी येईपर्यंत बॅग मांडीवरून हलवली नाही.

डीव्हीडीवर चरे होते. मी ती चष्म्याच्या फडक्याने मधून बाहेर अशी पुसली. ड्राइव्ह दोनदा घरघरला, तिसऱ्यांदा गप्प झाला आणि स्क्रीनवर फोल्डर उघडला. आत अगम्य नावांच्या फायली. बहुतेक एकेका जीबीच्या. मला वाटलं होतं हळद, लग्न, रिसेप्शन असं काहीतरी लिहिलेलं असेल. पण फाइल जिथे भरते तिथेच कापली जाते, मग कुणाच्या तोंडात घास असो की कुणाच्या हातात अक्षता. एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. त्यात फाइल टाकायची, व्हिडिओसमोरची खूण काढायची, ऑडिओसमोरची ठेवायची आणि बटण दाबायचं. हिरवी पट्टी सरकत गेली. चाळीस मिनिटांची हळद चार मिनिटांत नुसता आवाज होऊन बाहेर आली. मला उगीचच खूप हुशार वाटलं.

मग मी ती ऐकली.

सिनेमातलं गाणं होतं. ते संपलं की दुसरं सिनेमातलं गाणं. मी परत डीव्हीडीच लावून पाहिली. पडद्यावर बय ताठ बसली होती, तिचे ओठ हलत होते, मागे तरुण आत्या मान डोलावत होती आणि त्या दोघींच्या तोंडातून कुणी पार्श्वगायिका गात होती. व्हिडिओवाल्याने हळदीचा सगळा भाग गाण्यांनी झाकून टाकला होता. तेव्हा तसंच करायचे. लोकांना तेच आवडायचं, आम्हालाही आवडलं असणार.

मी सगळ्या फायली तपासल्या, सगळीकडे तेच. आत्याला फोनवर सांगणं मला जमलं नसतं. शनिवारी मी शेअर रिक्षात बसले आणि गावठाण येईपर्यंत मनात एकच वाक्य घोटत राहिले: आत्या, आवाज आहे पण बयचा नाही.

आत्या ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. मी वाक्य बोलून टाकलं. तिने बोंबील बाजूला सारले. हात धुऊन आली, माझ्याशेजारी बसली आणि जे आहे ते तरी ऐकव म्हणाली.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. मी इअरफोनची एकच बाजू कानात घालते, नेहमी उजवी. डावा कान मी जगासाठी उघडा ठेवते. कुणी हाक मारली, कुणी मागून आलं, तर कळावं म्हणून. शाळेपासून हे असंच आहे. त्यामुळे त्या दिवशीही मी उजवी बाजू माझ्या कानात घातली आणि डावी आत्याला दिली.

माझ्या कानात सिनेमातलं गाणं सुरू झालं. आत्या समोरच्या भिंतीकडे पाहत होती. मग तिची मान हळूच हलली. मग बोट गुडघ्यावर पडायला लागलं, पण माझ्या कानातल्या ठेक्यावर नाही. मला वाटलं, ती मनातच काहीतरी म्हणतेय. तेवढ्यात तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"ही बयच हाय की गं. तुला न्हाय ऐकू येत?"

मी तिच्या कानातली बाजू काढून माझ्या कानात घातली. आत बय होती. लांबून, भांड्यांच्या आवाजातून, पण बयच. मी बाजू बदलली, गाणं. परत बदलली, बय. व्हिडिओवाल्याने गाणी उजवीकडे भरली होती आणि डावीकडे कॅमेऱ्याचा मूळ आवाज तसाच सोडला होता, आळसाने की घाईत, कोण जाणे. लॅपटॉपच्या स्पीकरवर दोन्ही एकत्र वाजायचं आणि मोठं ते छोट्याला गिळायचं. इतके दिवस मी नेमक्या चुकीच्या कानाने ऐकत होते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आवाजाची कापाकापी करायचं सॉफ्टवेअर उघडलं. फाइल टाकल्यावर दोन पट्ट्या दिसल्या, एकीखाली एक. वरची डावी, खालची उजवी, आणि दोन्हींचे चढउतार अजिबात सारखे नव्हते. हे आधी एकदा जरी पाहिलं असतं तर कळलं असतं. मी उजवी पट्टी पुसून टाकली. खोलीत बयचा आवाज आला आणि स्वयंपाकघरातून आई हातात लाटणं घेऊन तशीच दारात येऊन उभी राहिली. पोळी तव्यावर करपली, आम्ही दोघी हसत सुटलो.

आवाजात बाकीही खूप काही होतं. कुकरची शिट्टी, कुणीतरी खुर्च्या मोजत होतं आणि एक लहान मुलगी मोठ्याने सांगत होती, "आय वॉन्ट टू गो होम." ती मी. पहिलीत होते. चारचौघांत इंग्लिशमध्येच बोलायचं, असं शाळेने सांगितलेलं मी फारच मनावर घेतलं होतं. आईने तो तुकडा चार वेळा लावायला लावला.

मी मन लावून सफाई केली. शिट्टी काढली, खुर्च्या काढल्या, स्वतःलाही काढलं. प्रत्येक ओळ दोनदा येत होती, एकदा बयची आणि एकदा बायकांची. तेच तेच कशाला, म्हणून मी दुसरी ओळ प्रत्येक ठिकाणी कापली. अठरा मिनिटांचे पाच धवले नऊ मिनिटांत बसले. फाइल आत्याच्या फोनवर टाकताना मला अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. ती ओरडली नाही, पण आवाज पडलेला होता. बय थांबतच नाही म्हणाली. एका ओळीवरून दुसरीवर उडी मारते, मला धरताच येत नाही.

"आणि माझी जागा कुठं गेली?" तिने विचारलं.

मला समजायला वेळ लागला. बायकांची ओळ म्हणजे नक्कल नव्हती. त्या म्हणत असताना सांगणारी श्वास घेते आणि पुढची ओळ आठवते. आत्या बावीस वर्षं तिथेच होती, त्या दुसऱ्या ओळीत, आणि मी तिलाच कापून टाकलं होतं. मूळ फाइल मी जपून ठेवली होती, नशीब. या वेळी काहीही काढलं नाही. शिट्टी राहिली, खुर्च्या राहिल्या, घरी जायचं म्हणणारी मुलगीही राहिली.

मग रोज ऑफिसमधून परत येताना मी गावठाणात उतरायला लागले. आत्या ऐकायची, मी शब्द लिहून घ्यायचे. पहिल्या दिवशी मी सवयीने इंग्लिश अक्षरांत लिहिलं. आत्याने कागद उलटासुलटा करून पाहिला. "हे काय, तुझ्या हापिसचा कागद आणला?" म्हणाली. मग मी देवनागरीत लिहायला बसले, मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. माझी जोडाक्षरं पाहून ताईची करमणूक झाली. नवरी मुलगी हाताला क्रीम लावत माझं शुद्धलेखन तपासायची, आणि तपासता तपासता तिलाही चाल आली. आईच्या मागे तीच कधी कधी ओळ म्हणायची आणि लक्षात आलं की गप्प व्हायची.

आत्या कागदाकडे फार बघायची नाही. तो फक्त मांडीवर असला की पुरे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती एका दमात सगळं म्हणाली, फक्त एका ठिकाणी थबकली, जिथे कुकरची शिट्टी होती. शिट्टी वाजल्याशिवाय तिला पुढची ओळ सुचेना. मी तोंडाने शिट्टीसारखा आवाज काढला आणि ती पुढे गेली. मग आम्हा तिघींना इतकं हसू आलं की कागद आत्याच्या मांडीवरून खाली पडला.

हळदीच्या दिवशी मांडवात डीजेवाला थांबायला तयार होता, पण दोनच धवले, असं ताईने बजावलं होतं. आत्या चटईवर बसली, पदर सारखा केला. मी मागे हळदीची वाटी धरून उभी होते, कारण हातात काहीतरी असलं की मला बरं वाटतं. समोर पाच-सहा मोबाइल वर झाले. ताईने माझ्याकडे पाहिलं.

आत्याने पहिली ओळ सांगितली. आवाज बयसारखा नव्हता, जाड होता, आत्याचाच होता. ओळ संपली आणि कुणीच काही म्हणालं नाही. मागे बसायच्या त्या जुन्या बायकांपैकी दोघीच आल्या होत्या, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. आत्याची पाठ मला दिसत होती. ती श्वास घेत नव्हती. मागची तिची जागा रिकामी होती.

मी म्हणाले. म्हणजे माझ्या तोंडून ती ओळ आली. इतक्या वेळा कापून, जोडून, ऐकून ती मला पाठच झाली होती. आवाज सुरुवातीला फाटला. आत्याने वळून पाहिलं नाही, फक्त बसल्या बसल्या थोडी सरकली आणि चटईवर एका माणसाची जागा झाली. मी वाटी घेऊन तिथे बसले. दुसऱ्या ओळीला त्या दोघी आल्या, तिसरीला काकू, चौथीला माझी आई, जिला चाल माहीत असल्याचं मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. शिट्टीच्या जागेवर आत्या थबकली. माझ्याआधी ताईनेच, तोंडाला हळद फासलेल्या नवरीने, शिट्टी वाजवली. सगळ्यांना वाटलं, ती खुशीत आलीय.

दोनाचे पाच धवले झाले. डीजेवाला खुर्चीत बसून चहा प्यायला.

नंतर जेवणाच्या रांगेत या लग्नाचा व्हिडिओवाला माझ्याकडे आला. पोट सुटलेला, घामाघूम, गळ्यात कॅमेरा. धवल्याच्या वेळी सगळ्यात जवळ मीच बसले होते म्हणून मलाच विचारत असावा. यहाँ पे कौन सा गाना डालूँ, दीदी, म्हणाला. हळदीची नवी गाणी आहेत, त्याने दोन वाजवूनही दाखवली.

अनोळखी माणसाशी मी शक्यतो मानेनेच बोलते. तेव्हा मात्र मी ताट खाली ठेवलं.

"कोई गाना मत डालना."

"पूरा ऐसे ही? बर्तन की आवाज़ है, बच्चा रो रहा है."

"वो भी रखना," मी म्हणाले. "दोनों साइड में."

दोन्ही बाजू म्हणजे काय ते त्याला कळलं नसावं. पण त्याने मोबाइल काढून ते तसंच लिहून घेतलं, आणि त्याने बरोबर लिहिलंय ना, हे मी वाकून वाचून पाहिलं.