पाया पडले, उत्तर राहिलं

आमच्या पुरोगामी मंचाच्या अध्यक्षांनी मंगलला फसवलं, आणि तेही भर सभेत तिच्या पाया पडून.

मंगल माझ्याच वस्तीतली. गावोगावची शिबिरं तिने उभी केली. अध्यक्षांनी ती तिच्याकडून काढून आपल्या भाच्याला दिली आणि वर म्हणाले, "राखीव जागेतून आलेल्यांना एवढं झेपत नाही." काल सभेत तिने जाब विचारला. अध्यक्ष व्यासपीठावरून खाली उतरले आणि पिकल्या केसांचं डोकं थेट तिच्या पायांवर ठेवायला वाकले. तिने दचकून पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते ओढून घेतलेले पाय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

"अहो सर, उठा. मी विचारलं त्याचं सांगा," ती म्हणत होती, पण टाळ्यांपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू येणार?

"मंगलताई, एवढा मोठा माणूस वाकला, आता मन मोठं करा!" मागून एक बाई म्हणाल्या.

मी ओरडलो, "आधी उत्तर द्या!"

"शेठ, हा बाजार नाही," खजिनदार हसले.

नाहीच. जुन्या टायरांच्या धंद्यात मी घासाघीस करून वर आलो. तिथे भाव विचारल्यावर कुणी गळ्यात पडला, तरी त्याला भाव सांगावाच लागतो. आमचे आजे यांच्या आज्यांपुढे जन्मभर वाकले, तेव्हा कुणाला गहिवर आला नाही. हे एकदा वाकले, तर सगळा हॉल डोळे पुसत होता!

अध्यक्ष, शिबिरं का काढून घेतलीत, ते मंगलला तोंडावर सांगा. आणि उभं राहून सांगा.